बॅकलाइन, गुरुवार रात्र

साहेबांना एक पान हवंय, सकाळी आठच्या आत.
बचावफळीची सद्यस्थिती. मुद्देसूद.
नवापुऱ्यातल्या खोलीत पंखा बंद करून बसलोय,
पंख्याने कागद उडतात
आणि कागदांवर चौघांचे पाय आहेत.

मेंडोन्सा. उजवी हॅमस्ट्रिंग. तीन आठवडे.
डॉक्टर तीन म्हणाले, म्हणजे पाच.

थांगा. डाव्या पावलाच्या हाडाला केसाएवढी चीर.
त्या चिरेवर दोन मॅच खेळला.
लंगडतोस का, विचारलं, तर म्हणाला,
बूट नवा आहे, चावतो.

शाजी बरा आहे.
बरा म्हणजे, वळताना आधी खांदा वळतो, मग कंबर,
मग जरा विचार करून गुडघा.
मला ते लांबून ओळखू येतं.
माझाही असाच वळायचा, शेवटच्या मोसमात,
आणि मी सगळ्यांना सांगायचो, बरा आहे.

उरला शिर्क्यांचा इंद्रजित, वय एकोणीस.
दांडिया बाजारातून सायकलवर येतो,
सरावानंतर डाएट-चार्ट खिशात घालून
सेव-उसळ खातो, वर तर्री मागून.
खेळतो कडेला. शनिवारी त्याला मधे उभा करायचाय.

फळ्यावरचे दोन लोहचुंबक हरवलेत.
मेंडोन्साच्या जागी मी बाटलीचं झाकण
चिकटपट्टीने लावलंय.
फळ्याला धक्का लागला की झाकण घसरतं
आणि मधोमध नुसतं हिरवं उरतं,
समोरच्या स्ट्रायकरला घरी जाऊन
पत्रिका दिल्यासारखं.

साहेब, चार माणसांत अंतरं तीन.
दहा पावलं, बारा पावलं, कधी वारा असला तर आठ.
मी हयातभर तेवढंच सांभाळलं,
गोल माझ्या नावावर एकही नाही.
मेंडोन्साला ती अंतरं न बघता कळतात, पाठीला कळतात.
मंगळवारी तो बाकावर बसला होता, मांडीवर बर्फ,
आणि तरी दर उंच चेंडूला
शाजी आधी उजवीकडे बघत होता,
जिथे कोणीच नव्हतं.
अर्धा सेकंद.
त्याला तुमच्या तक्त्यात रकाना नाही.

आणखी एक. आमच्या फळीत भाषा पाच,
गोलकीपर बिस्वासच्या शिव्या सहाव्या.
पण मैदानावर शब्द एकच चालतो: सरक.
माझ्या तोंडून कधीतरी पडला, सगळ्यांनी उचलला.
थांगाला मराठीत पाणी मागता येत नाही,
सरक येतं.
मेंडोन्सा ओरडायचा आणि अख्खी रांग
ओढणीसारखी एका बाजूला जायची.

आता ओरडणार कोण?
इंद्रजित मोठ्यांना अरे-तुरे करत नाही.
काल ऐन कॉर्नरला म्हणाला,
‘शाजीभाई, जरा सरकता का?’
तोवर चेंडू जाळ्यात.

म्हणून आज सगळे गेल्यावर त्याला थांबवला.
एकच दिवा चालू, भिंतीपलीकडे विश्वामित्री,
तिकडे गेलेला चेंडू आम्ही आणायला जात नाही,
तो मगरींचा.
म्हटलं, ओरड. कोणाला? कोणालाही.
पहिल्यांदा घशातच अडकला शब्द.
मग एक कुत्रं उठून बसलं.
मी मोजत होतो. तीस. पस्तीस.
एक्केचाळिसाव्या ‘सरक!’ला
लांबच्या गोलपोस्टपाशी बसलेले चौकीदार रतिलालकाका
काही न बोलता उठले,
खुर्ची उचलली, चार पावलं डावीकडे ठेवली
आणि पुन्हा बसले.

इंद्रजितने माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे.

अहवाल:
दोन बाहेर, एक अर्धा, एक नवा.
स्थिती चिंताजनक.
फिजिओला सांगून शाजीचा गुडघा पुन्हा तपासावा.
फळ्यासाठी दोन लोहचुंबक मागवावेत.
खुर्ची बरोबर जागी गेली होती.
हे वाक्य खोडतो.

नाही, असू दे.